थाळनेरच्या राणीचा दगड

माझ्या सासऱ्यांचा आवाज अजूनही भोंग्यातून आल्यासारखा येतो. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत काढली. 'दोंडाईचामार्गे शहादा जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय, की ते जेवताना 'मीठ द्या' म्हणाले तरी पाहुण्यांपैकी एखादा पिशवी उचलून उभा राहील असं मला वाटतं. त्यांच्या आवाजात शंकेला जागाच नसते. गाडी चारवर म्हणजे चारवर. मग ती प्रत्यक्षात सातवर उभी का असेना.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सासूबाई गेल्यावर आबा धुळ्याचं बिऱ्हाड मोडून जळगावला आमच्याकडे आले. मेहरूणला आमचं दुमजली घर आहे. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. दोघे भाऊ मिळून जळालेल्या विजेच्या मोटारी नव्याने गुंडाळायचं दुकान चालवतात, जाऊबाई घरीच ब्लाउज शिवतात आणि मी शाळेत गणित शिकवते. आबांचं दुपारचं जेवण खाली आणि रात्रीचं वर, असं आपोआप ठरलं.

आणि दोन्ही जेवणांबरोबर इतिहास.

आबांना इतिहासाचं वेड आहे, पण ते वाचून आलेलं नाही. स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांकडून त्यांनी तो गोळा केलाय. कुणी साक्रीचा, कुणी शिरपूरचा, कुणी नंदुरबारचा. प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी सांगितलं आणि आबांनी ते डोक्यात कोंबून ठेवलं. आता डब्याचं झाकण उघडलं की कुठलंही कुठेही बाहेर पडतं. सासूबाई मेथी निवडत निवडत सगळं ऐकून घ्यायच्या आणि मधूनच 'हो का' म्हणायच्या. आम्हा दोघींकडे तेवढी मेथी नव्हती.

मागच्या पौषात आबांनी जाहीर केलं, "रविवारी थाळनेरला जायचं."

जाहीर केलं हाच शब्द बरोबर आहे. विचारणं, सुचवणं हे त्यांच्या आवाजाला जमत नाही.

थाळनेर म्हणजे तापीकाठचं जुनं शहर. एकेकाळी खानदेशची राजधानी तिथे होती. आता मोठं खेडं आहे. पडका किल्ला, फारुकी सुलतानांच्या कबरींवरचे घुमट, नदीकाठी महादेवाचं जुनं देऊळ. आबांचा जन्म शिंदखेड्याकडचा, म्हणजे तापीच्या अलीकडचा. लहानपणी त्यांनी ते अलीकडच्या काठावरून पाहिलं होतं म्हणे. दोघा भावांना रविवारी दुकानात काम होतं, म्हणून गाडी मी चालवायची, शेजारी आबा आणि मागे जाऊबाई व जेवणाचे डबे, असं ठरलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर काड्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलो होतो. भरीत न्यायचं होतं. जाऊबाई वांगं उलटवत म्हणाल्या, "उद्या दिवसभर ऐकावं लागणार बघ. जाताना तू गाडी चालवायचं निमित्त करशील. मी काय करू?"

"झोपा."

"त्या आवाजात?"

मग आम्ही एक डाव रचला. खरं सांगायचं तर मी रचला. ज्याचं उत्तर या जगात अस्तित्वातच नाही असा एक प्रश्न आबांना विचारायचा. माझं म्हणणं, अडले की ते 'माहीत नाही' म्हणतील. माणूसच आहे शेवटी. जाऊबाई माझ्यापेक्षा सात वर्षं आधी या घरात आलेल्या. त्या म्हणाल्या, "ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले तर आठवडाभर तुझी भांडी मी घासते. नाही निघाले तर माझी तू."

मी हात पुढे केला. त्यांचा हात वांग्याच्या काजळीने काळा झालेला होता. तसाच त्यांनी मिळवला.

चोपड्याच्या पुढे शिरपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा नऊ वाजले होते. दोन्ही बाजूंना केळी, मधूनच हरभरा, आणि शेजारच्या सीटवर फारुकी राजवट. जाऊबाईंनी मागे डोळे मिटून घेतले होते, पण आरशात मला त्यांचं पोट हलताना दिसत होतं. त्या हसल्या की आवाज येत नाही, फक्त पोट हलतं. उद्याची भांडी त्यांना आत्ताच स्वच्छ दिसत असावीत.

आधी घुमट पाहिले. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सुंदर निघाले. गावाच्या कडेला, काटेरी झुडपांमधून, एवढं बारीक कोरीव काम कुणी ठेवून गेलंय याचंच आश्चर्य वाटत राहतं. एक घुमट अष्टकोनी होता. आबा त्याच्यासमोर पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"याला आठ राण्या होत्या," ते म्हणाले. "म्हणून आठ बाजू."

जाऊबाईंनी शेजारच्या घुमटाकडे पाहिलं. "आणि हा चौकोनी आहे त्याला चारच?"

"चारच," आबा म्हणाले. "लहान सुलतान असेल."

मी गणिताची बाई असून गोलाकार घुमटाच्या राण्यांचा विचार केला नाही, हा माझा संयम.

तिथून नदीकडे उतरलो. किल्ला म्हणजे आता मातीची एक उंच टेकडीच आहे. नदीच्या बाजूने थोडी तटबंदी अजून तग धरून उभी. खाली घाटाजवळ एका कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. टपरीवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, डोक्याला मफलर गुंडाळलेले. त्यांचा स्टोव्ह फुरफुरत होता. जवळच एक क्रूझर गाडी उभी होती आणि शिंदखेड्याकडून महादेवाला आलेल्या नऊ-दहा बायका सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. बायका त्यांना नाना म्हणत होत्या. ते सगळ्यांना लोणचं वाढत होते.

आणि निंबाच्या मुळाशी, पाण्यापासून चार पावलांवर, एक दगड होता.

रुंद, काळा, सपाट दगड, नदीकडे किंचित उतरता. वरचा भाग गुळगुळीत आणि मधोमध उथळ खळगा. कुठल्याही नदीवर दिसतो तसा. कुणीही बघितलं असतं तर सांगितलं असतं की हा धुण्याचा दगड आहे. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आबा," मी अगदी भाविक आवाजात विचारलं, "हाच ना तो राणीचा दगड?"

आबा थांबले. दगडाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भोंगा चालू केल्यावर पहिल्यांदा नुसती खरखर येते, तेवढाच वेळ गेला. आता म्हणतील. आता म्हणतीलच.

"हो," आबा म्हणाले. "तोच."

जाऊबाईंनी सात बोटं उघडून बंद केली. सात दिवसांची भांडी.

मी हार मानून गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, अजून एक धक्का दिला तर अडकतील. मी म्हणाले, "ती रोज इथे येऊन काय करायची ते मात्र विसरले बघा मी."

"तापीची पूजा करायची," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर चढला. "रोज पहाटे. हा खळगा दिसतो का? गुडघे टेकून टेकून पडलाय. दगड झिजला, पण बाईने नेम मोडला नाही!"

हे वाक्य फलाट क्रमांक एकपासून सातपर्यंत ऐकू गेलं असतं. इथे तर मध्ये फक्त एक क्रूझर होती. लोणचं वाढणारे नाना थांबले. बायकांच्या माना वळल्या.

मी तिथेच थांबले असते. खरंच थांबले असते. पण जाऊबाई चुकून बोलून गेल्या. त्या अजून म्हणतात की चुकून.

"म्हणूनच इथे गुडघे टेकले की गुडघेदुखी जाते म्हणतात ना, आबा?"

आबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू इतक्या वर्षांत या घरात कुणी पहिल्यांदाच धडा पाठ करून आलंय. "जाते," ते म्हणाले. "श्रद्धा पाहिजे."

मग आम्ही तिघं किल्ल्यावर चढलो. वर गेल्यावर आम्ही दोघी एका पडक्या भिंतीआड बसून पोट धरून हसलो. आबा पुढे कड्यापाशी उभे राहून तापीचं पाणी बघत होते. वारा छान होता. त्यांनी तिथे सुमारे तासभर कुठल्या बुरुजावर कुठली तोफ होती ते सांगितलं. आम्ही दोघी इतक्या खुशीत होतो, की सगळं ऐकलं.

खाली उतरलो तर दगडासमोर रांग लागली होती.

दगडाला हळद-कुंकू लागलं होतं. खळग्यात झेंडूची फुलं, कडेला मातीत खोचलेल्या उदबत्त्या, एक फोडलेला नारळ. एक बाई गुडघ्यावर बसून डोळे मिटून पुटपुटत होती, आणि तिला उठवायला दोघी काखेत हात घालून तयार होत्या. नाना टोपी काढून बाजूला उभे राहून रांग सांभाळत होते. "घाई करू नका. सगळ्यांना मिळेल."



शाळेत दर वर्षी अंधश्रद्धेवरची नाटिका मी बसवते. मागच्याच वर्षी माझ्या वर्गाला तिचं बक्षीस मिळालं होतं. आणि इथे चहा गार व्हायच्या आत मी एक देवस्थान काढून ठेवलं होतं.

मी चाचांच्या टपरीकडे गेले. "चाचा, तुम्ही काही बोलला नाहीत?"

चाचांनी गाळणी झटकली. "मॅडम, मी इथे रोज बसतो. पण त्या साहेबांचा आवाज ऐकला आणि मलाच वाटलं, असेल बुवा. आपल्यालाच कुणी सांगितलं नसेल."

आता इलाज नव्हता. मी रांगेसमोर जाऊन उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी.

"ऐका," मी म्हणाले. "हे सगळं खोटं आहे. राणी-बिणी कुणी नव्हती. ती मी काढली, थट्टा म्हणून. गुडघ्यांचं या ताईंनी काढलं. हा साधा दगड आहे. माफ करा."

रांगेतली पहिली बाई, हिरव्या लुगड्यातली, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "बाई, तुमचं वय नाही अजून गुडघे दुखायचं."

दुसरी म्हणाली, "मला तर हलकं वाटतंय."

नाना समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, शिकलेल्या माणसांना असं वाटतं. आमच्या घरातही एक आहे."

मी आबांकडे वळले. "आबा, तुम्ही तरी सांगा यांना!"

आबा ताठ उभे होते. "काय सांगू?"

"की राणी नव्हती!"

"तुला काय माहीत?" आबा म्हणाले. "तू गणिताची आहेस."

मी जी गोष्ट स्वतः घडवली, ती खरी असल्याचं मलाच ठणकावून सांगितलं जात होतं, आणि दहा बायका माना डोलावत होत्या. जाऊबाई कडुनिंबाच्या बुंध्यामागे दिसेनाशा झाल्या होत्या. बुंध्याच्या एका बाजूने त्यांचं हलणारं पोट तेवढं दिसत होतं.

तेवढ्यात वरून, गावाच्या वाटेने, एक म्हातारी उतरली. डोक्यावर धुण्याचं मोठं गाठोडं, हातात बादली, बादलीत साबणाची वडी. काटक, काळीसावळी, कपाळावर मोठं गोंदण. ती सरळ दगडापाशी आली, थांबली, आणि गाठोडं डोक्यावर तसंच ठेवून तिने दगडाकडे पाहिलं.

"मना दगडले हाई कुकू कोनी लायं?"

माझ्या दगडाला हे कुंकू कुणी लावलं, एवढंच तिने विचारलं. पण असं विचारलं, की काखेत हात घालून उभ्या असलेल्या दोघींनी मधल्या बाईला सोडून दिलं आणि ती बिचारी खळग्यातच बसली.

नाना पुढे झाले. "अक्का, हा तुमचा दगड नाही. हा राणीचा दगड आहे."

"कोन रानी?" अक्कांनी गाठोडं धपकन खाली टाकलं. "मी लगीन करीसन ऊनू तैपासीन आठे कपडा धोस. मन्ही सासू धोये. रानी कधळ ऊनी व्हती धवाले?"

ज्यांना अहिराणी येत नव्हती असं तिथे कुणी नव्हतं. मलासुद्धा ती समजते. लग्नानंतर शिकले. लग्न होऊन आल्यापासून मी इथे कपडे धुते, आधी सासू धुवायची, राणी कधी आली होती धुवायला, असं ती विचारत होती. चाचांच्या टपरीवर कुणाचा तरी चहा नाकातून आला.

"खळगा गुडघ्यांचा आहे अक्का," हिरव्या लुगड्यातल्या बाईने क्षीण प्रयत्न केला.

"गुडघाना? हाऊ मना धोकाना शे!" अक्कांनी गाठोड्यातून कपडे बडवायचा लाकडी धोका उपसला आणि खळग्यात एक दणका दिला. झेंडूची फुलं उडाली. धोका खळग्यात अगदी मापात बसला. त्यानंतर पुरावा मागायची कुणाची छाती झाली नाही.

अक्कांनी आता सगळ्यांवरून नजर फिरवली. कुंकू दगडाच्या बारीक छिद्रांत बसलेलं. त्यांच्या गाठोड्यात पांढरी धोतरं होती, नातवाच्या साखरपुड्याला नेसायची. "आते हाई लाल रंग लागी जाई त्यासले," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज भांडणाचा राहिला नाही, काळजीचा झाला.

तेव्हा मला खरी लाज वाटली. मगाशी वाटली होती ती भीती होती.

मी पदर खोचला आणि दगडावर पाणी ओतायला लागले. जाऊबाई झाडामागून आल्या आणि त्यांनी मातीने दगड घासायला घेतला. हिरव्या लुगड्यातली बाई थोडा वेळ बघत राहिली. मग तीही खाली बसली. "नारळ आम्हीच फोडला ना," ती म्हणाली. बघता बघता सगळ्या बसल्या. दोन जणी नदीतून बादल्या आणत होत्या, चौघी घासत होत्या, नाना उदबत्त्यांच्या काड्या वेचत होते. दगड लख्ख झाल्यावर कुणी म्हणालं, आता धुणंही धुऊन टाकू. मग अक्कांचं अख्खं गाठोडं आम्ही धुतलं. धोतरं, सदरे, लुगडी, दोन चादरी आणि एक गोधडी. गोधडी पिळायला एकीकडून मी आणि एकीकडून नाना.

अक्का चाचांच्या बाकड्यावर बसून चहा पीत देखरेख करत होत्या. "ती कॉलर राहनी. हां. आजून एक डाव." इतकी कडक मुख्याध्यापिका मला नोकरीत भेटलेली नाही.

सगळं वाळत घातल्यावर हिरव्या लुगड्यातल्या बाईने शेवटची आशा म्हणून विचारलं, "अक्का, म्हणजे या दगडात काहीच नाही?"

अक्कांनी बशीतला चहा संपवला. "वर काय नही," त्या म्हणाल्या. "खाले शे."

"खाली काय आहे?"

"फूल कोरेल शेत. मन्ही सासूनी उलटा करी टाका. कपडा अटकेत, फाटेत."

खाली फुलं कोरलेली होती, कपडे अडकून फाटायचे, म्हणून त्यांच्या सासूने दगडच उलटा करून टाकला होता म्हणे. कुणालाच पटेना. एकदा फसलेली माणसं दुसऱ्यांदा सावध असतात. पण चाचा उठले, टपरीमागून पहार घेऊन आले. क्रूझरचा ड्रायव्हर, नाना आणि चाचा, तिघांनी मिळून दगडाची एक कड हातभर उचलली. अक्कांनी सांगितल्याप्रमाणे मी खाली वाकून चिखल पुसला.

पाकळ्या होत्या.

मोठं कमळ असावं. अर्धंच दिसत होतं. पाकळ्यांच्या भोवती मण्यांची एक ओळ, आणि त्या ओळीच्या बाहेर हंसासारखा एक पक्षी, मान वळवून मागे बघणारा. त्याच्या डोळ्याच्या जागी ओला चिखल अडकला होता. कुठल्या तरी देवळाचं छत असेल, नाहीतर उंबऱ्याजवळचं काही. किती वर्षांचं, कुणाचं, मला माहीत नाही. मी हंसाच्या डोळ्यातला चिखल बोटाने काढला आणि सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम 'वा' निघालं.

मी वर पाहिलं. आता आबा बोलतील, असं मला वाटलं. हा त्यांचा क्षण होता. गाडी खरोखर चारवर लागली होती.

आबा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पाकळीवरून एक बोट फिरवलं.

पहार धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले तेव्हा दगड पुन्हा खाली ठेवला, होता तसा, फूल मातीकडे करून. नाना म्हणाले, सरकारला कळवलं पाहिजे. अक्कांनी विचारलं, "मंग सरकार मना कपडा धोई का?" नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. शेवटी आबा पुढे झाले आणि अक्कांशी अहिराणीत, हळू आवाजात, बराच वेळ बोलले. त्यांना दुसरा चांगला सपाट दगड आणून बसवून दिला तर हा सोडाल का, असं विचारत होते. अक्का म्हणाल्या, आधी आणा, मी धुऊन बघते, मग सांगते. आबांचा इतका हळू आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

बायकांना निरोप देताना हिरव्या लुगड्यातल्या बाईने माझा हात धरला. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "खोटं बोललात ते बरं केलं. नाहीतर फूल कुठे दिसणार होतं?" हे वाक्य माझ्या नाटिकेत कुठे बसवायचं, याचा मी अजून विचार करतेय.

दोन वाजून गेले होते. आम्ही भरीत-पुरी खाल्ली, कांद्याची पात अक्कांनी दिली, आणि निघालो. चोपड्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. जाऊबाईंनासुद्धा शांतता सोसेना. त्या मागून म्हणाल्या, "आबा, रागावलात?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

आबा खिडकीतून केळीच्या बागा बघत होते. "फुलाचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

मी गाडी चालवता चालवता एकदम आरशात पाहिलं. जाऊबाईही आरशातच बघत होत्या. ते शब्द निघाले होते. पण त्या पैजेचं नाव काढायचं आम्हा दोघींनाही जमलं नाही.

"आणि राणीचं?" मी विचारलं.

"राणी तू आणलीस," आबा म्हणाले. "गुडघे हिने आणले. मी फक्त अनाउन्समेंट केली."

मी गाडी बाजूला घेतली. मला चालवता येईना. जाऊबाई त्या दिवशी पहिल्यांदा आवाज काढून हसल्या. तो आवाज इतका मोठा निघाला की रस्त्याकडेला हरभरा सोलत बसलेला एक माणूस उठून बघायला आला. आबाही हसले, पण जरा उशिरा.

"तुम्हाला कळलं होतं?" मी डोळे पुसत विचारलं.

"धुण्याचा दगड मला ओळखू येत नाही? माझी आई नदीवरच धुवायची."

"मग हो का म्हणालात?"

आबांनी सीटबेल्ट सारखा केला. "तुम्ही दोघी कधी काही विचारत नाही," ते म्हणाले. "विचारलंत. मग नाही कसं म्हणायचं?"

मी गाडी सुरू केली. मागून जाऊबाईंनी आबांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि विचारलं, "मग त्या आठ राण्या?"

"त्या खऱ्या," आबा म्हणाले. आवाज पुन्हा वर गेला होता. "शिरपूरच्या एका कंडक्टरने सांगितलं होतं."

भांड्यांचा हिशेब बरोबरीत सुटला असं जाऊबाईंचं मत पडलं. एक उत्तर 'हो' आणि एक 'माहीत नव्हतं'. माझ्या मते 'माहीत नव्हतं' आणि 'माहीत नाही' एकच. त्यावर आमचा वाद आठवडाभर चालला आणि तेवढा आठवडा दोन्ही मजल्यांची भांडी आम्ही दोघी खाली एकत्रच घासली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आबा एका सकाळी वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आले. आता बलसाण्याला जायचं म्हणाले. तिथेही जुनी देवळं आहेत, साक्रीकडे. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून, वहीत काहीतरी टिपून घेत, ते तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी मला हाक मारून थांबवलं आणि पेन कानावर ठेवलं.

"या वेळी तुम्ही दोघी काय विचारणार आहात ते आधी सांगून ठेवा," आबा म्हणाले. "मला तयारी करता येईल."